डाव्या कानासाठी

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. भांडुपला आमच्या दीड खोलीत खिडकीखाली माझं टेबल आहे. त्यावर भिंगाचा दिवा, दोन चिमटे, कथलाच्या तारेचं रीळ आणि सोल्डरिंगचं आयर्न. घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा नाद असलेली मंडळी आपले बिघडवलेले बोर्ड घेऊन माझ्याकडे येतात. कुणी मुलुंडहून, कुणी पार बोरिवलीहून. बहुतेक सगळे चांगल्या नोकरीतले पुरुष. आवाज किती खोल, किती मोकळा, यावर तासभर बोलतील. पण पॅडवर आयर्न टेकवलं की ते उचलायचं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. मग मी बोलते. ते निमूट ऐकून घेतात, कारण दुसरीकडे जाणार कुठे?

पॅड म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ठिपका. तिळाएवढा, कधी त्याहून लहान. हिरव्या पाटीवर तो नुसता चिकटवलेला असतो. त्याच्यावर चिपचा पाय टेकतो आणि कथील त्या दोघांना धरून ठेवतं. आयर्न दोन-तीन सेकंद टेकवायचं, कथील चकाकलं की लगेच उचलायचं. जास्त वेळ ठेवलं तर खालचा चिकटा जळतो आणि पॅड पाटी सोडून वर येतो. लोकांना वाटतं, जास्त वेळ दाबून धरलं म्हणजे सांधा पक्का होतो. तसं होत नाही. एकदा उठलेला पॅड पुन्हा बसत नाही.

हे काम मी अंधेरीच्या एका कारखान्यात शिकले. रेडिओ-टेपरेकॉर्डरचे बोर्ड तिथे व्हायचे. मी लागले तेव्हा वीस वर्षांची होते. लाइनवर सगळ्या बायकाच. साहेब म्हणायचे, बायकांची बोटं बारीक असतात. खरं तर बायका उलटून बोलत नाहीत असा त्यांचा हिशेब होता, आणि माझ्या बाबतीत तो साफ चुकला. पण कामात मला कुणी नाव ठेवू शकलं नाही. सुपरवायझर चिमट्याने एकेक सांधा ओढून बघायचा. अठरा वर्षांत माझा एकही सांधा त्याच्या चिमट्याला लागून आला नाही. कारखाना बंद झाला तेव्हा मला प्रशस्तिपत्र वगैरे काही मिळालं नाही, पण ही गोष्ट मी अजूनही मान वर करून सांगते.

कारखान्यात आम्ही सोल्डरिंग म्हणायचो. घरात मात्र त्याला शब्द होता डाग. आईची पितळेची कळशी गळायला लागली की ती डाग देऊन आणायची, तेव्हापासून कथलाच्या सांध्याला आमच्याकडे डागच म्हणतात. शेजारणी विचारायच्या, पोरगी काय काम करते गं? आई म्हणायची, "रेडिओक डाग देता." बाबाही तेच म्हणायचे. मीही घरात तेच म्हणते.

याच शब्दावरून तीसेक वर्षांपूर्वी आमच्या घराची शोभा झाली होती.

बाबा गिरणीत होते आणि भजनातले बुवा होते. तळकोकणातून आलेल्या आमच्या लोकांत डबलबारीचं फार वेड. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. समोरासमोर दोन मंडळं, दोन पेट्या, दोन पखवाज. एकाने गायचं, मग दुसऱ्याने. आणि गाता गाता एकमेकाला चिमटे काढायचे. चिमटा बसला की तिथल्या तिथे, त्याच चालीत जबाब द्यायचा. लोक देवासाठी येतात म्हणतात, पण कान सगळ्यांचे जबाबाकडे असतात. जबाब सुचला नाही तर बारी गेली.

बाबांच्या तोडीचे एक बुवा घाटकोपरला राहायचे. दोघांचं गाव शेजारशेजारचं, गिरणी एकच, आणि एकमेकाला पाण्यात बघायचे. मी कारखान्यात लागले त्याच्या पुढच्या वर्षी दोघांची बारी लागली. गिरणी तेव्हा बंद पडली होती, बाबा घरी बसून होते आणि मी दुसरी पाळी करून येत होते. त्या बारीत घाटकोपरच्या बुवांनी गजराच्या चालीवर चिमटा काढला:

"बुवाची लेक डाग देता, बुवाच्या नावाक डाग येता."

लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. मी तिथे नव्हते, पाळीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दोन बायका तीच ओळ गुणगुणत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या. मी घरी येऊन बादली आपटली. बाबा कापडाने पेटी पुसत होते. म्हणाले, "दिलंय मी तेका जबाब. गप बसलो तो." काय जबाब दिला, ते कधी सांगितलं नाही. म्हणायचे, बारीतलं बारीत राहतं, घरात आणायचं नसतं. त्या दिवसापासून त्या बुवांशी त्यांनी बोलणं टाकलं.

माझं लग्न पुढे राहूनच गेलं. त्याचं खापर आईने मरेपर्यंत त्या ओळीवर फोडलं. मी फोडत नाही. मला पसंत पडावा असा माणूस आला नाही आणि आलेल्यांना माझं तोंड झेपलं नाही. पण एक कबूल करते. लोकांच्या नजरा झेलत मी अठरा वर्षं त्या कारखान्यात गेले, ती बाबांच्या त्या जबाबाच्या बळावर. भर बारीत, सगळ्यांसमोर, बाप माझ्या बाजूने काहीतरी बोलला होता. काय ते ठाऊक नसलं तरी चालत होतं.

गेल्या वर्षी बाबांच्या मंडळातले पखवाजवाले वारले. त्यांच्या बायकोने घर आवरताना सापडलेली एक कॅसेट आमच्याकडे पाठवली. वर पखवाजवाल्यांच्या हातची चिठ्ठी होती, दोन्ही बुवांची नावं आणि सालाचा आकडा. तीच बारी. त्यांनी पखवाजाशेजारी टेप ठेवून ती भरून घेतली होती.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. उजवा कान पाच वर्षांपूर्वीच गेला. डाव्यात थोडं शिल्लक होतं, तेही महिन्यागणिक उतरत चाललं होतं. कानाचं यंत्र त्यांना घेऊन दिलं होतं. त्यात बोलणं समजतं, पण पेटी लावली की डबा दगडावर घासल्यासारखी ऐकू येते असं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. कॅसेट हातात आली त्या दिवसापासून मात्र त्यांचा एकच धोशा, "माका माझो जबाब आयकाचो आसा." टेपला हेडफोन जोडून कानाला लावून बघितला, मोबाइलवर घेऊन हेडफोननेच लावून बघितला. त्यांना नुसती घरघर ऐकू यायची. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नस सुकत चालली आहे. या कानात जे आहे ते आत्ताच वापरून घ्या. पावसाळ्यानंतर सांगता येत नाही."

त्यांनी दिलेला कानाचा आलेख मी घरी आणला आणि भिंगाखाली धरून पाहिला. जाड आवाज थोडे शिल्लक, बारीक आवाज जवळजवळ संपलेले. मग मी ठरवलं, या एका कानापुरता अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा. जे सूर त्यांना ऐकू येतात तेवढेच उचलून धरणारा, बाकीचे सोडून देणारा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्त केले, स्वतःसाठी एकही बांधला नव्हता. मुलुंडच्या एका हौशी गृहस्थांकडे नुसता कोरा बोर्ड पडून होता, तो त्यांनी मला दिला. मी त्यांना मागे तीनदा झापलं होतं, तरी दिला. माणसं चांगली असतात, फक्त आयर्न जास्त वेळ धरतात.

बाबांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. त्यांच्या आधी कुणी ती कॅसेट ऐकायची नाही. मी कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली होती तीही आवाज पूर्ण बंद करून. मला मोह झाला नाही असं नाही. पण शब्द दिला होता.

आणि मग, दुसऱ्यांना जी चूक केल्याबद्दल मी बोलते, तीच मी केली. घाई. चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळवून चिप बसवायची असते. माझ्या डोक्यात डॉक्टरांचा पावसाळा होता. मी चिप उलटी बसवली आणि आठही पाय सोल्डर केल्यावर ते माझ्या लक्षात आलं. काढताना पुन्हा घाई. सहा पाय नीट सुटले. उरलेल्या दोन पायांबरोबर पॅडही उठून आले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. मी आयर्न स्टँडला ठेवलं. मला भीती वाटली. बोर्डाची नाही, दुसरा बोर्ड मिळाला असता. माझा हात गेला की काय, याची भीती.

बाबांनी खाटेवरून विचारलं, "काय झाला?" मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं, "डाग सुटलो. पॅड घेऊन सुटलो." ते म्हणाले, "मग आता?" मी म्हटलं, "बघतंय."

उठलेल्या पॅडची दुरुस्ती म्हणजे पुढच्या वाटेने जाणं. पॅडपासून तांब्याची एक बारीक पट्टी निघून दुसरीकडे गेलेली असते, हिरव्या रंगाखाली दबलेली. ती भिंगातून शोधायची. ब्लेडच्या टोकाने हिरवा रंग खरवडायचा, जोर न लावता, खाली तांबं दिसेपर्यंत. एक आडवा ओरखडा पडला की पट्टी तुटली. तांबं दिसलं की त्यावर फ्लक्स, म्हणजे राळेचं पाणी लावायचं आणि कथलाचा पातळ हात द्यायचा. मग वायरीच्या गुच्छातली एकच तार काढून तिचं एक टोक त्या पट्टीवर आणि दुसरं चिपच्या पायावर डाग द्यायचं. तार केसाएवढी. श्वास जोरात सोडला तरी हलते. पहिल्या दिवशी ती दोनदा जागेवरून हलली. बोटाला चटके बसले. मी रोज सकाळी ऊन खिडकीत असताना तासभर बसायची, हात थरथरायला लागला की उठायची. कारखान्यात असं उठता यायचं नाही. तिथे पट्टा पुढे सरकायचा. इथे मला कुणाची घाई नव्हती, फक्त एका कानाची होती.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, शेवटचा डाग बसला. कथील चकाकलं, तार जागेवर राहिली. मी चिमट्याने ओढून बघितलं, हललं नाही. त्याच वेळी गावाहून चुलतभावाचा फोन आला. तो दर रविवारी करतो. माझ्याहून मोठा, त्याला मी दादा म्हणते. गावात रेंज धड नसते, अर्धे शब्द गळतात.

"काय करतंस गो?" दादाने विचारलं.

"आताच डाग दिलंय," मी म्हटलं. "बाबांचा काम झाला एकदाचा."

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, रेंज गेली.

"डाग कोणी दिल्यान?"

"मीयाच. दुसरा कोण देतला?"

"तू? आणि माका कळवक नाय?"

"ह्यात काय कळवचा, दादा? आठ दिवस नुसते हाल. आता सुटलंय."

त्याने आणखी काहीतरी विचारलं, ते तुटक ऐकू आलं. मग त्याचा आवाजच बसला आणि फोन बंद झाला. मला वाटलं, सर्दी झाली असेल. मी फोन आवाज बंद करून पालथा ठेवला आणि सांधे तपासायला बसले. तपासणीच्या दिवशी मी फोनला हात लावत नाही.

आमच्या गावाकडे डाग देणं या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. मयताला अग्नी देतात, त्यालाही डाग देणं म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं दिवसरात्र हा शब्द हातात कथील घेऊन वापरला, की त्याचा दुसरा अर्थ डोक्यात यायचा राहतो. दादाच्या डोक्यात पहिला अर्थ कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दारात घाटकोपरचे बुवा उभे राहिले. मी त्यांना तीस वर्षांनी पाहत होते, तरी ओळखलं. अंगात पांढरा सदरा, हातात झेंडूचा हार, मागे दंडाला धरून त्यांची सून. बाबा खाटेवर बसून ताटात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांचा अबोला विसरून बोलून गेले,

"बुवा? हार कोणाक हाडलंस?"

 बुवा उंबरठ्यावरच बसले, हार मांडीवर पडला. एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. सुनेने मला तिचा फोन दाखवला. गावच्या ग्रुपवर बाबांचा पेटीवर बसलेला फोटो, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली हात जोडलेल्यांची रांग.

मी दादाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच सांगलंस मा, डाग दिलंय म्हणान." वाडीतल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. भावकीतले तिघं मुंबईच्या गाडीत बसले होते. त्यांना कुठल्यातरी स्टेशनात उतरवून परत पाठवायचं काम मी त्याच्यावर टाकलं. मग फोन ठेवला आणि मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या फोटोखालचे जोडलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. आज ना उद्या ते खरे होणार होते, आणि खरा डागही मलाच द्यावा लागणार होता.

बुवा पाणी प्याले. बाबांना मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. ते हसले, खूप हसले, हसताना खोकला लागला. "मेल्यावर इलंस," ते बुवांना म्हणाले, "जितो असताना नाय इलंस."

बुवांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "तेका सांगूचा होता. उशीर झालो म्हणान जीव जळत इलंय. तुझ्या नावान गायलंय तेवा. बरा नाय केलंय मी." या माणसाला काय काय सुनवायचं, हे मी तीस वर्षं घोकत आले होते. पाठ होतं सगळं. आणि समोर म्हातारा हार सावरत बसलेला बघून माझ्या तोंडून निघालं, "चाय घेतलास मा?" माझा मलाच राग आला.

चहा होईपर्यंत बाबांनी टेबलाकडे बोट केलं. त्यांना आता धीर नव्हता. "लाव. हेच्या समोरच लाव. मी काय जबाब दिललंय तो हेच्या समोर आयकतंय."

बुवांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "आज नको, बुवा." बाबांना ते ऐकू गेलं नाही. बुवा माझ्याकडे वळले, "नको लावू गो." मला वाटलं, स्वतःच ओरबाडलेलं पुन्हा समोर यायला नको म्हणून म्हणताहेत. मला त्याचं बरंच वाटलं. मी लावलं.

बाबांच्या कानांवर मोठा हेडफोन चढवला. बोर्डाला सगळे सूर जसेच्या तसे देणारी दुसरीही जागा होती, तिथे मी माझा छोटा हेडफोन लावला आणि आवाज बेताने वाढवत नेला. पेटी सुरू झाली. बाबांचा हात मांडीवर होता, त्याची बोटं हलायला लागली. "माझी पेटी," ते म्हणाले, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "माझी पेटी गो ही." त्यांचे डोळे भरले. माझेही भरले. दोन पॅड गमावलेला तो बोर्ड दोन केसाएवढ्या तारांवर उभा होता आणि त्यातून माझ्या बापाला त्याची पेटी ऐकू येत होती. यापुढे हा हात थांबला तरी चालेल असं मला त्या क्षणी वाटलं.

मग दुसरी पेटी, आणि बुवांचा तरणा आवाज. ती ओळ आली. बुवाची लेक डाग देता. मी ती दुसऱ्यांच्या तोंडून कित्येकदा ऐकली होती, खुद्द त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. बाबा ताठ बसले. त्यांनी बुवांकडे बघून बोट वर केलं. थांब, आता ऐक, अशा अर्थाने.

पखवाजवाल्याने ठेका धरला. बाबांच्या पेटीने सूर दिला. दोन आवर्तनं गेली, तिसरं गेलं. पेटी थांबली. पखवाज रेंगाळला आणि तोही थांबला.

त्यानंतर बाबांच्या कानाला काहीच येत नव्हतं. जे येत होतं ते त्यांच्या नसेच्या पलीकडचं होतं. मला येत होतं. कुणीतरी खाकरलं. कुजबुज झाली. लांबून एकाने हाक दिली, "बुवा, जबाब!" पुन्हा कुजबुज. मग बाबांचा आवाज, अगदी हलका, पखवाजवाल्याला उद्देशून: "चल, गवळण घे." मी बटण दाबून तिथेच थांबवलं.

बुवा जमिनीकडे बघत होते. ते कशाला नको म्हणत होते, ते आता मला कळलं. त्यांना सगळं आठवत होतं, आणि तीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मला राग आला, फार आला. ज्या एका वाक्याच्या आधाराने मी तेवढी वर्षं त्या रस्त्याने मान वर करून गेले, ते वाक्य कधी बोललंच गेलं नव्हतं. आणि बाबा खोटं बोलले होते असंही म्हणता येईना. त्यांनी ते इतक्या वेळा मनात म्हटलं असणार की ते त्यांचं खरं झालं होतं. त्र्याऐंशीव्या वर्षी तेच ऐकायला ते कान पुढे करून बसले होते.

"बंद पडला काय गो?" त्यांनी विचारलं.

मी हेडफोनची डावी बाजू उचलली आणि कानाशी वाकले. "व्हय बाबा," मी म्हटलं. "डाग सुटलो. माझो डाग कच्चो ऱ्हवलो."

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामाला नाव ठेवलं. 

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग टेबलाकडे. बोर्डावरचा लाल दिवा लागलेला होता. तो विझवायचं मला सुचलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला, वायर नीट गुंडाळली.

"तुझो डाग कधी सुटाक नाय," ते म्हणाले. "आता खयसून सुटतलो?"

 टेपवर जबाब नाहीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. मी बघत होते आणि मला थांबवता येत नव्हतं.

"माका सुचूकच नाय तेवा," बाबा म्हणाले. मला म्हणाले की बुवांना, कळलं नाही. "समोर बसललंय, आणि माका काय सुचूकच नाय."

बुवांनी हार बाजूला ठेवला. भिंतीला धरत उठले आणि बाबांच्या शेजारी खाटेवर जाऊन बसले. त्यांचाही आवाज आता बारीक झाला होता.

"लेकीचो डाग कधी सुटाक नाय," ते म्हणाले. "ह्याच तेवा बोलाचा होता, बुवा. बारी तुझी होती."

"काय म्हणता तो?" बाबांनी मला विचारलं.

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि बुवांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, पण सांगितलं.